ज्योतिप्रसाद अगरवाला आणि असमिया रंगभूमीची वाणी

आसामातील तेजपूर हे नाव ऐकताच मराठी वाचकाच्या मनात प्रकाशाची कल्पना यावी हे स्वाभाविक आहे. असमिया भाषेत मात्र ‘तेज’ म्हणजे रक्त. बाणासुराचे शोणितपूर ते हेच, आणि उषा-अनिरुद्धाच्या प्रणयापायी हरिहरांचे युद्ध जुंपले तेही येथेच, अशी तेथील परंपरा आहे. १९०६ साली उभारलेल्या तेथील नाट्यगृहासही ‘बाण रंगमंच’ असेच नाव मिळाले. त्या रंगमंचावर १९२४ साली उषेची कथा सांगणारे ‘शोणित-कुँवरी’ हे नाटक झाले. ज्योतिप्रसाद अगरवाला (१९०३–१९५१) यांनी ते वयाच्या चौदाव्या वर्षी लिहिले होते.

या नाटकाचे महत्त्व त्याच्या कथानकापेक्षा त्यातील पदांच्या चालींत अधिक आहे. शंकरदेवांच्या अंकिया नाटांचा वारसा असमिया भाषेस होता खरा. परंतु १८३६ पासून १८७३ पर्यंत न्यायालयांतून व शाळांतून तिची जागा बंगालीने घेतली होती. राजाश्रय परत मिळाला तरी रंगमंचावर बंगाली नाटकांचे वळण टिकून राहिले. शब्द असमिया आणि चाल मात्र परकी, अशी स्थिती होती. ज्योतिप्रसादांनी विवाहगीते, बिहूगीते आणि सत्रांतील बरगीते यांच्या सुरावटी नाट्यपदांस दिल्या. भाषेचे पुनरुज्जीवन व्याकरणाने वा शब्दकोशाने होते, असे आम्हा भाषाशास्त्र्यांस वाटत असते. तिची स्वाभाविक लय लोकांच्या कानी पुन्हा पडावी लागते, याकडे आमचे दुर्लक्ष होते.

हे कार्य करणारा पुरुष मूळचा मारवाडी घराण्यातील होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पणजोबा नवरंगराम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राजस्थानातून आसामात आले व तेथलेच झाले. आजोबा हरिविलास यांनी शंकरदेवांचे पोथ्यांत राहिलेले वाङ्मय मुद्रित करण्यास हातभार लावला. चुलते चंद्रकुमार हे ‘जोनाकी’ मासिकाच्या संस्थापकांपैकी एक. मातृभाषा वंशाने मिळते, या समजुतीस याहून चांगले उत्तर क्वचितच सापडेल.

१९२६ साली ज्योतिप्रसाद अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी एडिंबरोस गेले. पदवी न घेताच ते बर्लिनला गेले आणि उफा या चित्रसंस्थेत हिमांशु राय यांच्या सान्निध्यात काही महिने चित्रपटतंत्र शिकले. १९३० मध्ये परतल्यावर स्वातंत्र्य-चळवळ व कारावास ओघानेच आला. ‘कारेङर लिगिरी’, म्हणजे ‘राजवाड्यातील दासी’, हे त्यांचे श्रेष्ठ नाटक होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. राजपुत्र सुंदर, त्याच्यावर लादलेला विवाह, आणि मूकपणे प्रेम करणारी दासी शेवाली, एवढेच त्याचे सूत्र. परंतु येथे राजवाड्यातील माणसे पौराणिक पल्लेदार भाषणे टाकून एकमेकांशी बोलू लागतात.

तथापि त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी ‘जयमती’ या पहिल्या असमिया बोलपटाच्या वेळी लागली. लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांच्या नाटकावरून घेतलेला हा पट १९३५ साली प्रदर्शित झाला. त्यासाठी ज्योतिप्रसादांनी आपल्या भोलागुरी येथील चहाच्या मळ्यात ‘चित्रबन’ हे चित्रमंदिर उभारले होते. मराठी बोलपट तीन वर्षे आधी निघाला, पण त्यामागे मुरलेली चित्रसंस्था होती. येथे सर्वच नव्याने जमवावयाचे होते. संकलनाच्या वेळी निम्म्या पटावर ध्वनीच उमटला नसल्याचे आढळले. नटनट्यांस दूर आसामातून पुन्हा आणणे अशक्य होते. तेव्हा स्त्री-पुरुष सर्व पात्रांची वाक्ये ज्योतिप्रसादांनी स्वतःच्या आवाजात म्हटली व एका दिवसात सहा हजार फूट पटाचे ध्वनिमुद्रण केले, असे सांगतात. चित्रपटात त्यांना मोठी आर्थिक खोट आली.

त्याहून मोठी किंमत दिली ती जयमतीची भूमिका करणाऱ्या आइदेउ हांदिकै या ग्रामीण तरुणीने. पडद्यावरील पतीस तिने ‘बंगहरदेउ’ असे संबोधिले. आहोम काळातील कुलीन स्त्रीने पतीस उद्देशून वापरावयाचे ते आदराचे संबोधन. नटी म्हणून उच्चारलेला शब्द गावाने स्त्रीचा उच्चार मानला, तिला वाळीत टाकले, आणि ती आजन्म अविवाहित राहिली. २००२ साली तिचे निधन झाले. नाटकातील उक्ती ही लौकिक उक्ती नव्हे, हा आपल्या नाट्यशास्त्राचा प्राथमिक सिद्धान्त. परंतु स्त्रीने रंगभूमीवर बोलणेच जेथे नवे, तेथे तो मान्य होत नाही. ज्योतिप्रसादांनी भाषेस वाणी दिली असे आपण सहज लिहितो; तेव्हा ती वाणी कोणाच्या मुखातून आली, हेही लिहिले पाहिजे.

१९४८ च्या ‘लभिता’ नाटकात त्यांनी पुन्हा एका सामान्य खेड्यातील मुलीस मध्यभागी उभे केले. बेचाळीसच्या चळवळीत आणि युद्धाच्या धामधुमीत घर गमावलेली ही मुलगी अखेर आझाद हिंद सेनेत जाते. येथे ना राजवाडा, ना पुराण. बोलतात ती खेड्यातील माणसे. तीन वर्षांनी, १७ जानेवारी १९५१ रोजी, तेजपूर येथे ज्योतिप्रसाद निवर्तले. आसामात तो दिवस ‘शिल्पी दिवस’ म्हणून पाळतात.