तंबोऱ्याची गदा

आपल्या भाषेने वाद्यांपैकी सर्वाधिक थट्टा केली असेल, तर ती तुणतुण्याची. एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगणाऱ्या गृहस्थाविषयी ‘त्याचे आपले एकच तुणतुणे’ असे आपण सहज म्हणून जातो. बिचाऱ्या वाद्याला मुळी तारच एक; त्याने दुसरे सांगावे तरी काय? तंतुवाद्यांच्या वाट्याला ही थट्टा इतरत्रही आलेली दिसते. अमेरिकेच्या डोंगरी मुलखातील वादक आपसांत म्हणतात की, बँजोवाल्याचे निम्मे आयुष्य तारा जुळवण्यात जाते आणि उरलेले निम्मे बेसूर वाजवण्यात!

तमाशाच्या फडात मात्र हेच तुणतुणे विनोदाला सामील होते. शाहिरामागे उभा असलेला झीलकरी त्यावर सूर धरतो, ध्रुपदाची ओळ उचलतो आणि बतावणीला रंग चढला की सोंगाड्याच्या बोलण्यात आपलेही दोन शब्द टाकतो.

याच कुळातील, पण अधिक भव्य असा विनोद छत्तीसगडात आहे. हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५५ साली, सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईस पोलादाचा कारखाना काढण्याचे ठरले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर आखीव नगर आले, नगराबरोबर सिविक सेंटर आले. तेथे दुकाने आहेत, तसे महात्मा गांधी कलामंदिरही आहे. या भट्ट्यांपासून फार दूर नसलेल्या गनियारी गावी, १९५६ मध्ये, तीजनबाईंचा जन्म झाला.

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. तिचा लाडका नायक भीम. वेदमती शैलीत गायक बसून सांगतो. कापालिक शैलीत उभा राहून, हिंडून, अभिनयासह सांगतो. हातात मोरपिसे लावलेला तंबोरा असतो. तोच क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर कधी दुःशासनाचा उपटलेला हात! आपल्या बैठकीतील तंबोऱ्याला हे दृश्य पाहून घेरीच येईल.

आणि समोर असतो रागी. हा साथीदार प्रत्येक वाक्याला हुंकारी भरतो, मध्येच भाबड्या खेडुताच्या शंका काढतो आणि महाभारतातील वीरांना गावच्या चावडीवर आणून बसवतो. ‘होय’ म्हणणारी माणसे आम्हा सरकारी नोकरांना नवी नाहीत. परंतु ‘होय’ म्हणता म्हणता वरिष्ठाला अडचणीचा प्रश्न विचारणारा, आणि तरीही जागेवर राहणारा साथीदार आमच्या कचेऱ्यांत विरळाच. रात्रभर चालणाऱ्या कथेत श्रोते जागे राहतात, त्याचे निम्मे श्रेय मी रागीला देईन.

या हसण्यामागची किंमत मात्र हलकी नव्हती. तीजनबाईंनी सबलसिंह चौहानांचे महाभारत आजोबा ब्रजलाल यांच्या तोंडून ऐकले होते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी चंद्रखुरी गावी पहिला कार्यक्रम केला. बिदागी दहा रुपये. उभे राहून गाणे हे पुरुषांचे काम, स्त्रियांनी गायचे तर बसून, असा तेव्हाचा दंडक होता. बाई उभी राहिली आणि तिने गदा उचलली, हे तिच्या पारधी समाजाला सोसले नाही. तिला बाहेर काढण्यात आले. एका झोपडीत, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी उसनी घेऊन, तिने संसार मांडला. तंबोरा काही खाली ठेवला नाही.

पुढे हबीब तन्वीरांच्या दृष्टीस ही कला पडली. भिलाईच्या पोलाद कारखान्याने तीजनबाईंना नोकरी दिली. २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. परदेशांतील ज्या श्रोत्यांना छत्तीसगडी बोलीचा एक शब्दही कळत नव्हता, त्यांच्यापुढेही त्यांनी दुःशासनाचा वध केला. तंबोरा हवेत उचलला जातो, सभा श्वास रोखते, दुःशासन कोसळतो. मग तंबोरा पुन्हा खांद्याला लागतो, तारेवर बोट फिरते, आणि रागी आपली पुढची शंका काढतो.