लोकप्रिय विनोदातील स्थलोल्लेख : उल्हासनगर, बदलापूर आणि अंबरनाथ

कोणत्याही काळातील विनोद हा त्या काळच्या प्रेक्षकाला काय ठाऊक होते याचा दाखला असतो. विनोदकार एखादे नाव नुसते उच्चारतो आणि प्रेक्षक हसतात. म्हणजे त्या नावामागील हकीकत निराळी सांगावी लागणार नाही, हे त्याने गृहीत धरलेले असते. अमेरिकेत १९८९ साली स्वतंत्रपणे सुरू झालेल्या ‘द सिम्प्सन्स’ या दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिकेने या तंत्राचा विपुल उपयोग केला. तिचा १९९३ मधील ‘रोझबड’ हा भाग ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटाच्या स्मरणावर उभा आहे. तो चित्रपट न पाहिलेला प्रेक्षक एकदा हसतो. पाहिलेला दोनदा हसतो.

महाराष्ट्राला हे तंत्र अपरिचित नाही. तमाशाच्या बतावणीत ताज्या घडामोडींवर कोट्या करण्याची प्रथा जुनीच आहे. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यात दादा कोंडके असेच समयोचित उल्लेख घालीत. अशा उल्लेखांपैकी बहुतेक त्या त्या प्रयोगाबरोबर विरून जातात. संहिता तेवढी उरते. काही मात्र टिकतात. टिकणारा उल्लेख एखाद्या गावाविषयी असला, की त्या गावाचा इतिहास आणि त्याची विनोदातील प्रतिमा यांत अंतर पडू लागते. कल्याणच्या पुढे लोहमार्गावर लागोपाठ येणारी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन गावे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

उल्हासनगरची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना आणून ठेवण्यात आले. त्यांची संख्या सुमारे एक लाख होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. परंतु भागांचे ‘कॅम्प नंबर’ लोकांच्या बोलण्यातून गेले नाहीत. भांडवल व शेती मागे टाकून आलेल्या या लोकांनी बराकींतच छोटे उद्योग मांडले.

या नगराविषयी जो विनोद सर्वत्र पसरला, तो ‘मेड इन यू.एस.ए.’ या अक्षरांचा. मालावरील ही अक्षरे अमेरिकेची नसून ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ची आहेत, अशी ती आख्यायिका. हा विनोद कळण्यास तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : परदेशी मालाची प्रतिष्ठा, आयातीवरील निर्बंधांमुळे त्याची दुर्मिळता आणि उल्हासनगरच्या कारागिरांचे अनुकरणकौशल्य. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या काळातील आहेत. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर परदेशी माल क्रमाक्रमाने दुकानोदुकानी दिसू लागला, आणि विनोदाचा आधारच खचला. तरी विनोद उरला. आज तो ऐकून हसणाऱ्या तरुणास परवाना आणि टंचाई यांचा अनुभव नसतो; त्याच्या हाती केवळ ‘उल्हासनगर म्हणजे नकली माल’ एवढेच समीकरण पडते. ज्या परिस्थितीने अनुकरणास बाजारपेठ मिळवून दिली, ती विस्मृत झाली आणि दोष तेवढा गावाच्या नावावर राहिला.

हाच विनोद सिंधी व्यापाऱ्याने सांगितला तर त्यात छावणीतून उभे राहिल्याचा अभिमान ऐकू येतो. परक्याने सांगितला तर हेटाळणी. अक्षरे तीच, अर्थ सांगणाऱ्यागणिक निराळा.

बदलापूरच्या बाबतीत विनोद नसून श्लेष आहे. येथे मराठा सैन्याचे घोडे बदलले जात, म्हणून हे नाव पडले, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’ (२०१५) या हिंदी चित्रपटाने त्याच नावातून ‘बदला’ म्हणजे सूड हा अर्थ काढला. पत्नी व मुलाच्या हत्येनंतर या चित्रपटाचा नायक तेथे जाऊन सूडाची वाट पाहत राहतो. लोकव्युत्पत्ती आणि चित्रपटाचे शीर्षक, दोन्ही शब्दाच्या ध्वनीवर उभी आहेत. मात्र पहिलीने गावाला इतिहासात जागा दिली, दुसऱ्याने केवळ कथेसाठी त्याचे नाव घेतले.

अंबरनाथ याच्या उलट आहे. तेथील शिवमंदिरात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहारकालीन स्थापत्याचा तो प्रसिद्ध नमुना होय. ‘विमको’ कंपनीच्या तेथील कारखान्यातील आगपेट्या घरोघर गेल्या. इतके असूनही अंबरनाथचे नाव उल्हासनगरसारखे विनोदात चलनी झाले नाही. ऐतिहासिक महत्त्व आणि विनोदातील प्रसिद्धी यांचा परस्परसंबंध किती सैल असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तात्पर्य, लोकप्रिय उल्लेख हा इतिहासाचे साधन आहे. पण तो ज्याच्याविषयी बोलतो त्याचे नव्हे, जो हसतो त्याचे. यू.एस.ए.च्या विनोदावरून उल्हासनगरच्या कारखान्यांत प्रत्यक्ष काय बनत होते हे सिद्ध होत नाही. परदेशी शिक्क्यासाठी मुंबईचा ग्राहक किती आसुसलेला होता, हे मात्र सिद्ध होते. निर्वासितांच्या नावावर नोंदलेल्या त्या हास्यात खरे चित्र ग्राहकाचेच आहे.