आद्य मराठी ख्रिस्ती

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांतील मराठी भाषकांना आद्य मराठी ख्रिस्ती म्हटले जाते. रोमन साम्राज्यातील आरंभीच्या ख्रिस्ती अनुयायांप्रमाणे त्यांना प्राणदंडास सामोरे जावे लागले नाही. त्यांची किंमत वेगळ्या रूपात वसूल झाली : जात, घर, वारसा, पत्नी आणि मुले यांच्या वियोगाच्या रूपात. वसईकडील पोर्तुगीजकालीन ख्रिस्ती समाज याहून जुना असून त्याचा इतिहास स्वतंत्र आहे.

पार्श्वभूमी

त्या काळी धर्मांतर म्हणजे लौकिकार्थाने मृत्यूच मानला जाई. रोटीबेटी व्यवहार तुटत, वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क जाई. १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क अबाधित ठेवला. परंतु कायद्याने घराचे दार उघडत नसे. पत्नी नांदण्यास येत नसल्यास काय, हा प्रश्न १८६६ पर्यंत अनुत्तरित होता. त्या वर्षीच्या कायद्यानुसार धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने सहवास नाकारल्यास दावा लावता येई. त्यावर न्यायालय पुनर्विचारासाठी एक वर्षाची मुदत देई आणि त्यानंतरच विवाह रद्द होऊ शके.

शेषाद्री बंधू

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि अल्पवयीन श्रीपतचा ताबा त्यांना मिळाला. खरा पेच त्यानंतर उभा राहिला. मुलाने मिशनऱ्यांकडे अन्न घेतले होते, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे की नाही यावर ब्रह्मवृंदात तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला व त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. गेलेल्याला परतीची वाटही किती अरुंद होती, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

पुढे नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. तेथे प्रामुख्याने महार व मांग समाजांतील ख्रिस्ती कुटुंबे राहत. शेजारचा वऱ्हाड, ज्यात वाशीम व रिसोड येतात, १८५३ पर्यंत निजामाच्याच अमलाखाली होता.

नीळकंठशास्त्री गोरे

काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे (१८२५–१८९५) मिशनऱ्यांशी वाद घालावयास गेले आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांतच वारली. तान्ही मुलगी एलन परक्या कुटुंबात वाढली व इंग्लंडला गेली. ती पुढे इंग्रजी भक्तिगीते लिहिणारी कवयित्री म्हणून ओळखली गेली.

बाबा पदमनजी

बेळगावचे बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे कासार कुटुंबातील. परमहंस सभेच्या गुप्त वर्तुळात वावरलेल्या या तरुणाला मत पटूनही आप्तांपासून तुटण्याच्या विचाराने निर्णय घेणे सोपे गेले नाही. अखेर सप्टेंबर १८५४ मध्ये त्यांनी बेळगावला बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही विधवांच्या दुःस्थितीवरील कादंबरी आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र यांमुळे ते मराठी वाङ्मयात कायमचे राहिले.

टिळक दांपत्य

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यागाचा विचार करताना सामान्यतः टिळकांचेच नाव घेतले जाते. परंतु जिने काहीही निवडले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनाही तितकेच सोसावे लागले. पती हयात असून नसल्यासारखा, पदरी लहान मुलगा दत्तू, आणि आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरातील वास्तव्य. सुमारे पाच वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, तेव्हाही आरंभी त्यांनी आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. जातिभेद माणसानेच केला, या निष्कर्षापर्यंत त्या पतीच्या उपदेशाने नव्हे तर स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या साऱ्याचा वृत्तान्त त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. स्वतःच्या दुःखाकडे इतक्या मिश्कीलपणे पाहणारे दुसरे मराठी आत्मचरित्र सहसा आढळत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापला.

ग्रामीण दलित ख्रिस्ती

नामवंतांची चरित्रे लिहिली गेली. अहमदनगर व जालना भागांतील महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांची बहुधा नाहीत. मृत जनावर ओढणे किंवा देवळापुढे वाजंत्री वाजविणे नाकारले की गावकी बलुते बंद करी. ज्यांचे वर्षाचे धान्यच त्या बलुत्यावर अवलंबून असे, त्यांच्यासाठी हा प्रश्न थेट पोटाचा होता. बामणवाड्यातून आलेल्या धर्मबांधवांकडूनही सहभोजनाच्या प्रसंगी त्यांना नेहमीच समान वागणूक मिळाली असे म्हणता येत नाही.

पंडिता रमाबाई

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचा वियोग कुटुंबाशी नव्हे, तर समाजाशी होता; माता, पिता, बंधू व पती त्यापूर्वीच निवर्तले होते. १८८९ मध्ये सुरू केलेल्या शारदा सदनावर धर्मप्रसाराचा आरोप झाला आणि १८९३ मध्ये पुण्यातील सल्लागार सुधारकांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. रमाबाई त्यानंतर केडगाव येथे मुक्ती मिशनचे काम करीत राहिल्या व १९२२ मध्ये तेथेच निवर्तल्या.