बूच, लाख आणि मोटारीचे झाकण

नवी पणती लावण्यापूर्वी ती पाण्यात भिजत घालावी, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. कोरडी माती तेल पिते आणि वातीच्या वाट्याचे तेल पाटावर उतरते. तेल जिथे हवे तिथेच राहावे, हा प्रश्न पणतीइतकाच मोटारीलाही पडलेला आहे आणि तो सोडवताना माणसाने ज्या खटपटी केल्या, त्यांची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या माथ्यावर एक लांबट झाकण दिसते. आपले मिस्त्री त्याला 'टॅपेट कव्हर' म्हणतात. त्याच्याखाली झडपांची उघडझाप अखंड चाललेली असते आणि तिच्यावर तेलाचा शिडकावा होत असतो. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये एक पातळ पट्टी असते, तिचे नाव पॅकिंग. मोटारीच्या मानाने तिची किंमत ती काय! पण तिने काम सोडले की सारे इंजिन तेलकट होते.

आरंभीच्या मोटारींना हे झाकणच नव्हते. डेव्हिड ब्युइकच्या कारखान्यातून १९०४ साली पहिल्या गाड्या विक्रीस निघाल्या, त्यांच्या झडपा इंजिनाच्या माथ्यावर होत्या. अशा यंत्रांत ती सारी हालचाल उघड्यावर चाले. मालकाने तेलाची कुपी घेऊन सांध्यासांध्यांवर थेंब सोडायचे आणि रस्त्याच्या धुळीने ते तेल चिखलासारखे करून टाकायचे, असा क्रम असे. हेन्री फोर्डची १९०८ सालची 'मॉडेल टी' निराळ्या घडणीची. तिच्या झडपा कुशीला होत्या; पण त्याही प्रथम उघड्याच होत्या आणि १९११ च्या सुमारास त्यांच्यावर पत्र्याची दारे बसली. धूळ गेली, रोजची कुपी गेली. पण झाकण आले तसा सांधाही आला, आणि सांधा आला की गळती आलीच.

या गळतीवर पहिला मोठा उपाय सापडला तो झाडाच्या सालीत. ओक जातीचा एक वृक्ष पोर्तुगाल आणि स्पेन या देशांत वाढतो. त्याची जाड साल साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलून काढतात. झाड जगते आणि साल पुन्हा धरते. हेच आपले बाटलीचे बूच. बुचाच्या भुग्यात चिकट द्रव्य घालून तक्ते करता येऊ लागले आणि त्यांतून हव्या त्या आकाराचे पॅकिंग कापता येऊ लागले. बुचाचा गुण कशात आहे? १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला त्यात असंख्य चिमुकल्या कोठड्या दिसल्या आणि त्यांना त्याने 'सेल' हे नाव दिले. सजीवांच्या पेशींना इंग्रजीत आजही तेच नाव आहे. या कोठड्यांत हवा कोंडलेली असते. त्यामुळे बूच दाबले तर चेपते, पण बाजूला फारसे पसरत नाही. रबराचे तसे नाही. वरून दाबावे तर ते कडेने फुगून बाहेर येते.

दुसरा उपाय आपल्याच देशातला. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे किडे जी लाख तयार करतात, ती स्पिरिटमध्ये विरघळवून जुने मिस्त्री पॅकिंगला लावीत. जगाला लागणारी बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थानातून जाई. महाभारतातल्या लाखेने घर पेटवले. मोटारीतल्या लाखेने आग लावू शकणारे तेल अडवले!

मॉडेल टी १९२७ पर्यंत निघत राहिली. दीड कोटीवर गाड्या खपल्या आणि मालकांपैकी कितीतरी जण दुरुस्ती घरच्या घरी करीत. घरगुती दुरुस्तीत आजही एक समजूत घट्ट रुजलेली आहे, ती म्हणजे जितके आवळावे तितके गळणार नाही. खरे पाहता उलट घडते. पत्र्याचे झाकण फार आवळले की बोल्टाच्या भोकांपाशी खाली वाकते आणि दोन बोल्टांच्या मधे वर उचलले जाते. बूच चिरते, रबर बाहेर पडते. तेल गळते म्हणून माणूस आणखी आवळतो आणि गळती आणखी वाढते.

१९३० साली अमेरिकेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले, पुढे सिलिकोन आले. हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारी सिलिकोनची नळी तर आज घरोघरी मिळते. पण ती सढळ हाताने पिळली तर जास्तीचा भाग इंजिनात सुटून तेलाच्या जाळीत अडकू शकतो.

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९५४ पासून कुर्ल्याला फियाट ११०० बांधली. तीच पुढे पद्मिनी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. तिच्याही माथ्यावर असेच झाकण होते आणि ते उघडून बसवण्याची विद्या अनेक घरांत बापाकडून मुलाकडे आली.

ही विद्या क्षुल्लक नव्हे. २०१५ साली जनरल मोटर्सला सुमारे १४ लाख जुन्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. झाकणाखालचे पॅकिंग वयाने खराब होई, तेलाचे थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडत आणि आग लागे. पूर्वी दोनदा गाड्या बोलावून उपाय करूनही दुरुस्त झालेल्या तेराशेंवर गाड्या पेटल्या होत्या. शेवटी झाकण आणि पॅकिंग दोन्ही बदलणे आले.

म्हणून घरी हे काम करणाऱ्याने इंजिन पूर्ण निवू द्यावे. जुन्या पट्टीचा कण न् कण खरवडून काढावा, पण तो आत पडू देऊ नये. झाकण सपाट काचेवर ठेवून वाकले आहे का ते पाहावे. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आणि पुस्तकात दिले असेल तेवढेच आवळावेत. एवढे करूनही गळत असेल, तर इंजिनातली वाफ बाहेर नेणारी वाट तुंबली आहे का ते तपासावे. आत दाब साठला की चांगले पॅकिंगही हार खाते.

लाख गेली, बूच मागे पडले, सिलिकोन आले. तरी नियम बदललेला नाही. सांधा धरून ठेवतो तो मधला मऊ पदार्थ, आणि त्याला चेपायला थोडी जागा ठेवणे हेच कारागिराचे काम.