दर मिनिटाला जागा होणारा शिपाई

शाळेची घंटा वेळेवर होते, कारण शिपाईदादांचे लक्ष घड्याळाकडे आणि वेळापत्रकाकडे असते. संगणकालाही असा शिपाई लागतो. रोज रात्री नोंदींची प्रत काढणे, ठरल्या दिवशी पत्रे पाठवणे ही कामे आपण न सांगता व्हायला हवीत.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) हे काम 'क्रॉन' करी. तो दर मिनिटाला उठे, यादी पाही, वेळ झालेले काम सुरू करी आणि पुन्हा झोपे. यादीत प्रत्येक कामापुढे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशा पाच नोंदी असत.

पण पुढचे काम सहा तासांनी असेल, तर मध्ये इतक्यांदा उठायचे कशाला? पर्ड्यू विद्यापीठातील रॉबर्ट ब्राउन यांनी कामे वेळेच्या क्रमाने लावली. मग पहिल्या कामाची वेळ होईपर्यंत क्रॉन झोपू शकला.

युक्ती सुरेखच! तरीही २०१५ मध्ये आलेली 'लाराव्हेल ५' ही संकेतस्थळे बांधण्याची चौकट पाहू. तिच्यात कामांचे वेळापत्रक प्रोग्रॅममध्येच लिहितात आणि क्रॉनला एकच काम सांगतात: दर मिनिटाला ते पाहा. संगणक वेगवान झाले. मिनिटाची एक फेरी आता जड नाही.

मग अधिक चांगली पद्धत कोणती? वर्गात विचारून पाहू या. उत्तर शिपाई किती थकतो यावर अवलंबून आहे.