कॅमेरा हातात की सामानात?

विवाहसोहळ्याच्या छायाचित्रणासाठी मुंबईहून जयपूर किंवा कोचीला निघालेल्या छायाचित्रकाराच्या पाठीवरील बॅगेत साधारणपणे काय असते? दोन फुल-फ्रेम कॅमेऱ्यांचे मिळून पावणेदोन किलो, २४-७० मिलिमीटरच्या लेन्सचे सुमारे ८०० ग्रॅम, ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सचे दीड किलो, दोन फ्लॅशचे पाऊण ते एक किलो, बॅटऱ्या आणि चार्जर यांचे अर्धा किलो. रिकामी बॅगच दीड-दोन किलोंची असते. बेरीज केली तर काटा सात किलोंच्या पलीकडे जातो आणि लॅपटॉप अजून बाहेरच आहे. देशांतर्गत विमानांच्या इकॉनॉमी वर्गात हातसामानाची मर्यादा मात्र सर्वसाधारणपणे एक बॅग आणि सात किलो इतकीच असते. बॅगेच्या लांबी, रुंदी व उंचीची बेरीज ११५ सेंटिमीटरपर्यंत असावी, असाही अनेक कंपन्यांचा दंडक आहे. काही कंपन्या लॅपटॉपची वेगळी छोटी पिशवी चालवून घेतात. तिकीट काढतानाच आपल्या कंपनीचा नियम वाचणे इष्ट.

नियम एका रात्रीत बदलतात

१० ऑगस्ट २००६ रोजी द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला आणि तेथील विमानतळांवर त्याच दिवशी हातसामानावर जवळपास संपूर्ण बंदी आली. पासपोर्ट, पाकीट, अत्यावश्यक औषधे अशा मोजक्या वस्तू पारदर्शक पिशवीत नेता येत होत्या. कॅमेरे आणि लॅपटॉप मालकक्षात रवाना झाले. काही दिवसांनी ४५ बाय ३५ बाय १६ सेंटिमीटरच्या एका बॅगेस परवानगी मिळाली, परंतु व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या बॅगा त्या मापात बसणाऱ्या नव्हत्या.

मार्च २०१७ मध्ये दुबई, अबू धाबी, दोहा यांसह दहा विमानतळांवरून अमेरिकेत थेट जाणाऱ्या विमानांत स्मार्टफोनपेक्षा मोठी विद्युत उपकरणे हातात नेण्यास मनाई झाली. त्यात कॅमेरेही होते. आखाती शहरांत विमान बदलून अमेरिकेतील मुलांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही त्याची झळ पोहोचली. ती बंदी जुलै २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठली. अशी वेळ पुन्हा येऊ शकते, हे गृहीत धरून मोठ्या प्रवासात कॅमेरा आणि लेन्स नीट बसतील असे फोमचे जाड अस्तर सोबत ठेवणे शहाणपणाचे.

बॅटरीची जागा हातातच

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे. लिथियम बॅटरी तापून पेटली, तर एका घटकाची उष्णता शेजारच्या घटकाला पेटविते. प्रवासी कक्षात धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. मालकक्षात तिथवर कोणी पोहोचू शकत नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच जळाले. सर्व प्रवासी बचावले. पॉवर बँकेतील बिघाड हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर कोरियाने आणि अनेक विमान कंपन्यांनी पॉवर बँकेचे नियम अधिक कडक केले.

बॅटरी किती मोठी, हे वॅट-अवरवरून ठरते. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की हा आकडा मिळतो. ७.२ व्होल्ट व १.८ अँपिअर-अवरची कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम १३ वॅट-अवरची असते. १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या स्वतःच्या वापरासाठी हातात नेता येतात, तरी काही कंपन्या त्यांच्या संख्येवर मर्यादा घालतात. १०० ते १६० वॅट-अवरसाठी विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. त्याहून मोठी बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. चित्रीकरणाच्या मोठ्या बॅटऱ्या विकत घेताना म्हणूनच हा आकडा पाहून घ्यावा. प्रत्येक सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी किंवा ती स्वतंत्र पिशवीत ठेवावी.

तपासणीच्या वेळी

क्ष-किरणांमुळे डिजिटल कॅमेरा किंवा मेमरी कार्ड बिघडत नाही. फिल्मचे तसे नाही. चेक-इन सामानाच्या यंत्रांतील प्रखर किरणांनी न धुतलेली फिल्म धुरकट होते. हातसामानासाठी आता काही विमानतळांवर आलेल्या सीटी यंत्रांपासूनही ती जपावी लागते. फिल्म पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी. ट्रायपॉड, पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर चेक-इन सामानात टाकलेले बरे.

दारावर बॅग मागितली तर?

जोरहाटसारख्या ठिकाणी जाणाऱ्या एटीआर विमानांत डोक्यावरील कप्पे लहान असतात. मोठी बॅग विमानाच्या दाराशी काढून घेतली जाते. त्या क्षणी कर्मचाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बॅटऱ्या, मेमरी कार्डे, एक कॅमेरा आणि एक लेन्स ठेवलेली छोटी पिशवी आतून काढून घ्यावी व मगच बॅग सोपवावी. बॅटऱ्या काढून घेणे हा नियमच आहे.

भरपाईच्या भरवशावर राहू नये. २०१९ च्या प्रवासी सनदेनुसार देशांतर्गत प्रवासात सामान हरवल्यास वा त्याचे नुकसान झाल्यास कमाल २० हजार रुपये मिळू शकतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे पावणेदोन लाख रुपये आहे. एका चांगल्या लेन्सची किंमत त्याहून अधिक असू शकते. शिवाय अनेक कंपन्या आपल्या अटींतच कॅमेऱ्यासारख्या नाजूक व मौल्यवान वस्तूंची जबाबदारी नाकारतात. उपकरणांच्या अनुक्रमांकांसह स्वतंत्र विमा उतरविणे हाच खात्रीचा मार्ग. नुकसान दिसताच विमानतळ सोडण्यापूर्वी नोंद करावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी तक्रारीची मुदत सामान मिळाल्यापासून सात दिवस आहे. परदेशी जाताना किमती उपकरणांसाठी कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतल्यास परतल्यावर शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही.

परतीच्या प्रवासात मात्र प्राधान्यक्रम बदलतो. कॅमेरा हरवला तर दुसरा घेता येतो, लेन्स भाड्याने मिळते. लागलेले लग्न छायाचित्रांसाठी पुन्हा लावता येत नाही. भरलेली मेमरी कार्डे खिशात असावीत आणि त्यांची प्रत निघण्यापूर्वीच दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती सहकाऱ्याच्या बॅगेत ठेवावी. त्यांचे वजन काही ग्रॅम असते. सात किलोंच्या हिशेबात त्यांना नेहमीच जागा असते.