पुण्याचा मॉर्मन आणि नगरची मिस फॅरार



अंबरनाथ-बदलापुरात राहणाऱ्या माणसाला परमुलखातून आलेल्या माणसाचे नवल राहिलेले नाही. शेजारचे उल्हासनगर उभे राहिले तेच मुळी सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या जोरावर. लष्कराच्या मोकळ्या पडलेल्या बराकींत त्यांना ठेवण्यात आले, आणि १९४९ साली कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. आज आमच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली म्हणजे ओडिया आणि भोजपुरी मराठीइतकीच कानांवर पडते. तेव्हा परक्या मुलखात जाऊन, तेथील लोकांत राहून, त्यांना आपले काही पटवून देण्याचा उद्योग कसा असतो, हा विषय मी आजच्या व्याख्यानासाठी घेतला आहे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा सातवीपाशी संपली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. पण कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून अनोळखी माणसाशी बोलणे हा माझा तीस वर्षांचा उद्योग आहे. त्या नजरेने मिशनऱ्यांचा इतिहास वाचला म्हणजे त्यांचा देव बाजूला राहतो आणि त्यांची रोजची धडपड दिसू लागते. ते कोठे राहिले, त्यांना भाकरी कोणी दिली, ते कोणत्या भाषेत बोलले, दाराबाहेर कोणी काढले, हे मला त्यांच्या धर्ममतांहून अधिक महत्त्वाचे वाटते.

मॉर्मन पंथ आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ याने तो स्थापला. १८४४ साली जमावाने त्याला ठार केले, आणि १८४७ साली ब्रिगहॅम यंग याच्यामागून त्याचे अनुयायी युटाच्या ओसाड प्रदेशात वस्तीला गेले. स्वतःच नुकते निर्वासित झालेले हे लोक चारच वर्षांत हिंदुस्थानात प्रचारक धाडू लागले! कलकत्त्यास १८४९ साली बोटीवरच्या दोन खलाशांनी या पंथाची पहिली वार्ता आणली. १८५१ साली तेथे पहिले बाप्तिस्मे झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश माणूस मुंबईच्या धक्क्यावर उतरला.

फिंडले तिशीच्या आतला. या पंथाच्या प्रचारकांस पगार नसे. थैलीत पैसा न घेता निघावे, देव देईल ते खावे, अशी त्यांची शिस्त. ‘देव देईल’ याचा व्यवहारातला अर्थ, ज्याला उपदेश करावयाचा त्यानेच जेवू घालावे. इंग्लंडच्या खेड्यांत ही रीत चालून जाई, कारण तेथे प्रचारक आणि यजमान एकाच पंगतीचे असत. आपल्याकडे ती चालणे कठीण होते. कंपनीच्या राज्यात गोरा माणूस म्हणजे घोडा, पालखी आणि चार नोकर. पायी हिंडणारा, दुसऱ्याच्या घरी जेवणारा गोरा पाहून इंग्रजाला लाज वाटे आणि आपल्या लोकांस संशय येई. शिवाय हिंदू घरात त्याला पान वाढणार कोण? जातीची बंधने कायम असताना परधर्मी पाहुणा ओसरीच्या आत येत नसे. म्हणजे फिंडले यांचा निर्वाह चालणार तो इंग्रजी शिपाई, कारकून आणि युरेशियन कुटुंबे यांच्या आधारावर. जो पोसतो त्याच्याच भाषेत बोलावे लागते, हा नियम येथेही लागू पडला.

मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी आणि पाद्र्यांनी त्यांच्यावर झोड उठविली. थोडेसे अनुयायी मिळाले आणि १८५२ साली ते पुण्यास गेले. त्या वेळी आगगाडी नव्हती. मुंबईहून पनवेलपर्यंत होडी, तेथून खंडाळ्याचा घाट, असा तो प्रवास असे. आपल्या भागातून लोखंडी रस्ता गेला तो नंतर: १८५३ साली ठाणे, १८५४ साली कल्याण, आणि १८५६ साली अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोली.

पुण्यात फिंडले गेले ते लष्करात, म्हणजे छावणीत, कारण त्यांचे ऐकणारे तेथेच. आणि तेथेच त्यांची गाठ पडली ती परवानगीशी. छावणीच्या हद्दीत अधिकाऱ्याच्या हुकमावाचून सभा नाही, वास्तव्य नाही. लष्करी पाद्र्यांना हा नवा उपदेशक नको होता. अधिकाऱ्यांना शिपायांत फूट नको होती. त्यांना हद्दीबाहेर जावे लागले. श्रोतेहो, हा भाग वाचताना मला हसू आले. संरक्षण खात्याचा कारखाना असो की खाजगी मालकाचा, रेषेच्या आत पत्रक वाटले तर गुन्हा आणि रेषेच्या बाहेर वाटले तर रहदारीस अडथळा, हे आमच्यापैकी प्रत्येकाने अनुभवले आहे. हद्दीबाहेर उभे राहून आतल्या माणसाची वाट पाहावयाची, तो येईल की नाही याचा भरवसा नाही, आणि आला तरी त्याला पाहणारा एक डोळा मागे असतोच. फिंडले यांनी ती वाट पाहिली. १८५२ सालच्या सप्टेंबरात पुण्यात बारा जणांची शाखा उभी राहिली. युरोपियन, युरेशियन आणि एतद्देशीय असे तिन्ही प्रकारचे लोक तीत होते. बारा हा आकडा लहान म्हणून कोणी हसू नये. मी युनियनची नोंदणी सात सह्यांवर झालेली पाहिली आहे.

कलकत्त्याच्या बाजूचा प्रकार याहून बोलका आहे. तेथे विल्यम विलिस नावाच्या प्रचारकाला एकाएकी दीडशेहून अधिक रयत मिळाली. मोठा आनंदीआनंद झाला. पुढे उलगडा झाला की ही मंडळी पूर्वी दुसऱ्या मिशनांकडे होती आणि नव्या मिशनकडून काही द्रव्यसाहाय्य होईल या आशेने आली होती. मॉर्मनांजवळ द्यावयास पैसा नव्हता. रयत आली तशी पांगली. मिशनच्या इतिहासकारांनी या रयतेला लोभी ठरविले आहे. मला ते मान्य नाही. जमीनदाराच्या टाचेखालचा कुळवाडी ज्याच्या दाराशी आधार दिसेल तेथे जाणारच. बोनसच्या वर्षी आमच्याकडेही सभासदांची रीघ लागते, आणि निकाल लांबला की ओसरते. त्याबद्दल कामगाराला बोल लावणे सोपे आहे. पण त्याच्या घरची चूल वर्गणीच्या पावतीवर पेटत नाही.

१८५३ सालच्या एप्रिलात युटाहून आणखी एक तुकडी कलकत्त्यास उतरली. तिच्यापैकी रिचर्ड बॅलंटाइन मद्रासला गेले. ॲमॉस मिल्टन मसर हे कराचीलाही जाऊन आले. आज उल्हासनगरात ज्यांचे आजोबा-पणजोबा कराचीचे आहेत त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या शहरात हा खटाटोप तेव्हाच होऊन गेला आहे. पण या तुकडीबरोबर एक बातमीही आली. पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल आपला पंथ मानतो, हे मॉर्मनांनी १८५२ सालच्या ऑगस्टात उघडपणे जाहीर केले होते. झाले! वर्तमानपत्रांना दारूगोळा मिळाला. फिंडले यांनी उत्तरादाखल १८५३ साली मुंबईत पुस्तिका छापली. पण उत्तराची पुस्तिका आरोपाइतकी वाचली जात नाही, हे पत्रकबाजी केलेल्या कोणालाही सांगावयास नको.

त्यांचे भाऊ ॲलन हेही मदतीस आले होते. पण नवे लोक मिळेनात, मिळालेले गळू लागले. १८५५ साली, म्हणजे निघण्याच्या वर्षी, ह्यू फिंडले यांनी हिंदुस्थानातील मराठ्यांस उद्देशून एक पुस्तिका काढली. चार वर्षे या मुलखात राहून मराठी माणसाला त्याच्या नावाने हाक मारण्याची पाळी आली ती बोटीत पाय ठेवताना. १८५६ पर्यंत बहुतेक सर्व प्रचारक परत गेले. त्यांच्यामागून जे थोडे अनुयायी युटाला गेले त्यांत एलिझाबेथ झेवियर टेट ही मुंबईत जन्मलेली बाई होती. तिचा नवरा पुण्याच्या लष्करातला. १८५६ साली उशिरा निघालेल्या आणि बर्फात सापडून फार माणसे गमावलेल्या तांड्यांपैकी एकाबरोबर ती पोचली. मुंबईच्या उकाड्यात वाढलेल्या बाईने ते बर्फ कसे तुडविले असेल, याची कल्पना करवत नाही. प्रचारकांपेक्षा तिचे धैर्य मला मोठे वाटते. त्यांना निदान परतीचे घर होते.

आता याच मुलखात, याच सुमारास, अमेरिकेतूनच आलेल्या दुसऱ्या मिशनऱ्यांकडे वळू. त्यांचा पंथ वेगळा, पण माझ्या दृष्टीने खरा फरक काम करण्याच्या रीतीत आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ सालच्या फेब्रुवारीत मुंबईस आले. कंपनी सरकारने त्यांस चालते होण्याचा हुकूम दिला. ते गुपचूप निसटून कोचीनपर्यंत गेले, तेथे पकडले गेले, परत मुंबईस आणले गेले, आणि अखेर राहण्याची मुभा मिळाली. हद्दपारीचा हुकूम डोक्यावर असतानाही हॉल यांनी मराठी शिकण्याचे सोडले नाही. मुंबईच्या रस्त्यांवर उभे राहून ते मराठीत बोलू लागले. १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटून परत फिरताना त्यांनाच पटकीने गाठले, आणि एका देवळाच्या ओसरीत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून झाला.

१८२७ सालच्या डिसेंबरात मुंबईत उतरलेल्या सिंथिया फॅरार यांचे नाव मला याहून जवळचे. न्यू हॅम्पशरमधल्या, बत्तीस वर्षांच्या, अविवाहित. त्या काळी एकट्या बाईला समुद्रापार धाडण्याची रीतच नव्हती. त्यांना काम दिले ते मुलींच्या शाळांचे, आणि ते मुंबईत कोणालाच नको होते. मुलगी शिकली तर विधवा होते, असे मानणारा समाज. शिकवावयास बायका नाहीत, म्हणून पंतोजी पुरुषच ठेवावयाचे. मुलगी अक्षरे जुळवू लागते न लागते तोच तिचे लग्न होऊन ती सासरी जाई. म्हणजे दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात! तरीही दोन वर्षांत या शाळांतून सुमारे चारशे मुली दाखल झाल्या होत्या. प्रकृती ढासळली म्हणून फॅरार १८३७ साली मायदेशी गेल्या, आणि १८३९ साली परत आल्या, त्या अहमदनगरला. तेथे काही वजनदार ब्राह्मणांनी आपल्या मुलींसाठी त्यांच्याकडून शाळा चालवून घेतल्या. पुढे धर्मांतराची धास्ती वाटताच मुली काढूनही घेतल्या. बाई हलल्या नाहीत. १८६२ साली नगरलाच वारल्या. पहिल्या पावलापासून मोजले तर चौतीस वर्षे.

त्यांना मिशनचा ठराविक पगार होता, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. पगारी कार्यकर्ता म्हणजे कमअस्सल, असे आपल्याकडे मानण्याची पद्धत आहे. फिंडले बिनपगारी होते, त्यागी होते. पण त्या त्यागाने त्यांना छावणीच्या कुंपणाशी बांधून ठेवले. फॅरार यांना पोटाची विवंचना नव्हती, म्हणून ज्यांच्याकडून काही मिळणार नाही अशांच्या पोरींत त्या बसू शकल्या. अर्थात पगार देणाऱ्याचा हेतू धर्मांतराचा होता, हे मी विसरत नाही. नगरच्या ब्राह्मणांची धास्ती निराधार नव्हती.

भाषेची गोष्ट तर आजच्याच कामाची आहे. आमच्या वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांत गंजामचा ओडिया आहे, बलियाचा भोजपुरी आहे. त्यांच्यासाठी पुष्कळ संघटना अजून शुद्ध मराठीत पत्रके छापतात आणि मग ‘परप्रांतीय संघटित होत नाही’ म्हणून हात झटकतात. मागील वर्षी भाजलेल्या एका ओडिया पोराला आपल्या हक्काच्या भरपाईचा कागद वाचता आला नाही. त्याने अंगठा दिला तो राजीनाम्यावर. त्या खात्यात ओडिया बोलणारा एक कार्यकर्ता असता तर तो अंगठा उठला नसता. हल्ली आमच्या दोघा तरुणांनी ओडिया लिपी गिरवावयास घेतली आहे. त्यांची चेष्टा होते. होऊ द्यावी.

मिशनच्या कामातून काय निघेल हे मिशनलाही ठाऊक नव्हते. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात दहा वर्षांचा एक पोरका मुलगा महिना दोन रुपयांवर टाइप घासावयास लागला. तोच जावजी दादाजी. पुढे १८६९ साली त्याने निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या टाइपात आपले अर्धे संस्कृत वाङ्मय छापले गेले. धर्मप्रचाराच्या छापखान्याने वेद-पुराणांचा मुद्रक घडविला.

आणि १८४८ च्या सुमारास नगरला सदाशिव बल्लाळ गोवंडे या स्नेह्याकडे गेलेल्या जोतीराव फुले यांनी मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्यांनी पुण्यास परतून भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार लिहितात. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा घेतली, पंथ घेतला नाही, आणि पुढे १८७३ साली स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. त्या समाजातले आमच्या ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले. कामगारांस आठवड्याची सुटी नव्हती. ज्या रविवारी साहेब देवळात जाई त्या रविवारी गिरणी चालूच असे. लोखंडे यांनी तो वार मागितला, पण बायबलच्या आधाराने नव्हे. रविवार हा खंडोबाचा वार, असे त्यांनी मालकांना सांगितले. आणि १८९० सालच्या जूनमध्ये गिरण्यांना तो मिळाला.